मिठाच्या भावकीतली गोळी

मी लिथियमची गोळी बोलतेय. पांढरी, गोल, बटणाएवढी. माझ्यावर कुणाचा भरवसा नाही आणि खरं सांगायचं तर माझाही कुणावर नाही.

माझा जन्म जमिनीतल्या क्षारातून, म्हणजे मी मिठाच्या भावकीतली. पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत जाते आणि तिथल्या उधळलेल्या पेशींना हळूहळू शांत करते. नेमकं कसं, ते डॉक्टरांनाही पुरतं उमगलेलं नाही. कमी पडले तर निकामी, थोडी जास्त झाले तर विष. म्हणून माझ्यापायी रक्त तपासावं लागतं.

आंबेगावच्या डोंगरातल्या एका घरी मी पत्र्याच्या डब्यात राहते. गोळी घ्यायची ती घरची सून उज्ज्वला. गेल्या साली ती नऊ दिवस झोपली नव्हती. भाताचं बियाणं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकलं आणि शेवटी कड्यावरून उडायला निघाली. नवऱ्यानं, ज्ञानेश्वरनं, धरून आणलं. दवाखान्यातून माझी गोळी सुरू झाली, माझ्यामुळे ती ताळ्यावर आली, पण श्रेय गेलं देवीला. सासू अंबाबाईनं नवस बोलला होता: सून बरी झाली की ती सव्वा महिना अळणी खाईल.

ऐन उन्हाळ्यात उज्ज्वलानं मीठ सोडलं. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळायचे, राब भाजायचे दिवस, अंगातून घामाच्या धारा. बाराव्या दिवशी तिच्या थरथरत्या हातातून तांब्या सुटला. उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली.

“त्या गोळीतच काय तरी हाय! मी पयल्यापास्नं म्हणत व्हते,” अंबाबाई ओरडली.

मलाही माझाच संशय आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, गोळी बंद केली आणि विचारलं, “जेवणात मीठ आहे ना?” “नवसाचं अळणी चाललंय,” ज्ञानेश्वर म्हणाला. मग बाईंनी त्याला नि अंबाबाईला समजावलं. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं त्याचा कण न् कण धरून ठेवतात आणि त्याच्याबरोबर मलाही. गोळी रोजचीच, पण रक्तात साठत जाते.

आज रक्तातलं माझं प्रमाण उतरलंय. गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलंय. मी उज्ज्वलाच्या तळहातावर आहे आणि ती विंचवाकडे बघावं तशी माझ्याकडे बघतेय.

“नको वाटतंय, आत्याबाई. हीच मला मारायला निघाली व्हती.”

अंबाबाई तिच्याजवळ येऊन बसली. “नवस म्या बोलला व्हता,” ती म्हणाली. “ऱ्हायलेलं अळणी मीच खाईन. देवीला मी सांगते. तू मीठ खा, नि गोळी बी खा.”

बायांनो, माझ्यावर डोळे झाकून विसंबू नका. रक्त तपासा, मीठपाणी सोडू नका, हात थरथरू लागला तर आधी माझ्यावरच संशय घ्या. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मला फेकू नका.

उज्ज्वलाच्या डोळ्यांतला संशय गेलेला नाही. तरी तिनं तोंड उघडलं.