अर्ध्याहून कमी कसं?

सहामाहीचा निकाल लागला आणि सहावीचा निम्म्याहून जास्त वर्ग गणितात गचकला. साल १९७९. पिंपळगाव बसवंतजवळच्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लताबाई गांगुर्डे जूनमध्येच बदलून आल्या होत्या. अपूर्णांक त्यांनी जीव तोडून शिकवले होते. ‘समजलं का?’ विचारलं की वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणून ओरडायचा. आणि पेपरात असा उजेड!

मुख्याध्यापक निकम गुरुजी म्हणाले, “बाई, मनाला लावून घेऊ नका. दगडाला कधी पाझर फुटतो का? तुम्ही पोर्शन पुढं रेटा. फेब्रुवारीत दिपोटीसाहेब शाळा तपासायला येतील, तेव्हा पोर्शन झालेला दिसला म्हणजे झालं.”

त्याच आठवड्यात धोंडाबाई आपल्या पोरीला, कुसाला, हाताला धरून शाळेत आली. “बाई, हिला येत नसंल तं सांगून टाका. वार्षिकातबी नापास झाली तं द्राक्षाच्या पेट्या भरायला घालते. तिथं हात तरी चालतील.”

कुसा अंगठ्यानं माती उकरत उभी होती.

लताबाईंनी पेपरांचा गठ्ठा पुन्हा काढला. या खेपेला मार्क द्यायला नव्हे, वाचायला. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. कुसानं वरचे आकडे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात, आणि लिहिलं दोन छेद पाच. भिकनचं तेच. बहिरूचंही तेच. पोरं वाटेल तशी चुकली नव्हती, सगळी एकाच वाटेनं गेली होती. ती वाट कुठं फुटली हे कळलं तर त्यांना परत आणता येईल, असं बाईंना वाटलं आणि अंगात हुशारी आली.

तेव्हापासून त्या रोज थोडे प्रश्न घरूनच बेतून आणू लागल्या. प्रश्न निवडताना आधी चूक डोळ्यांपुढं धरायच्या. उत्तर असं आलं तर छेद म्हणजे काय तेच कळलेलं नाही. तसं आलं तर नुसता पाढा चुकला. पोरांनी पाटीवर सोडवायचं आणि पाट्या वर धरायच्या. मार्क नाहीत, छडी नाही. पाट्या बघून बाई ठरवणार, आज काय शिकवायचं ते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. झाडून सगळ्या पाट्यांवर एकच उत्तर, आणि तेही चुकलेलं! हुशार यादवनं घाईत पाढा चुकवला होता आणि ते उत्तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं. बाईंना हसू आवरेना.

“अरे, तुमच्या पाट्यांवरून मी माझं शिकवणं तपासतेय. सगळ्यांनी यादवचंच लिहिलं तर मला एकट्या यादवचं कळणार. इथं पास-नापास मी व्हायचंय, तुम्ही नाही.”

कुणीतरी खुदकन हसलं, आणि पोरांची भीड चेपली.

तरी कुसाच्या पाटीवर दोन छेद पाच येतच राहिलं. एका सकाळी बाई तिच्याशेजारी बस्करावर जाऊन बसल्या.

“कुसा, द्राक्षांची पेटी अर्धी भरलेली आहे. तिच्यात पेटीचा तिसरा हिस्सा आणखी टाकलास. आता पेटी अर्ध्याच्या वर जाईल का खाली?”

“वरच जाईल की.”

“मग दोन छेद पाच काढून बघ.”

कुसानं पाटीवर पेटी काढली, पाच कप्पे केले, दोन भरले. बघत राहिली. “बाई, ही तं अर्ध्याहून कमी हाय! वर टाकून कमी कशी झाली?” तिनं तळव्यानं सगळं पुसलं. दुसरी पेटी काढली, बाईंनी सुचवल्यावर तिचे सहा कप्पे केले, पहिले तीन भरले, मग दोन. आणि एकदम ओरडली, “पाच छेद सहा!”

निकम गुरुजींचा जीव मात्र टांगणीला. “पोर्शन किती मागं पडलाय, बाई!”

“पुढं रेटला असता तर माझा झाला असता, गुरुजी. पोरांचा नाही.”

दिपोटीसाहेब आले. पोर्शन बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी नेमकं शेवटच्या रांगेत बोट दाखवलं. कुसा उभी राहिली. गुरुजींनी डोळेच मिटले.

“दोन छेद तीन अधिक एक छेद चार?”

कुसानं पाटी घेतली, सावकाश मांडलं. “अकरा छेद बारा, साहेब.”

“तीन छेद सात का नाही?”

“कसं असंल? तीन छेद सात अर्ध्याहून कमी हाय. दोन छेद तीन एकटंच अर्ध्याच्या वर हाय. त्यात भर घालून कमी कसं होईल?”

साहेबांची आठी गेली. त्यांनी फळ्यावर मुद्दाम एक चुकीची बेरीज मांडली. “आता ही बघा.” सगळ्या वर्गाचे हात वर. भिकन तर उभाच राहिला. “साहेब, छेद सारखे करायचे राहिले तुमचे!”

साहेब खो खो हसले. “मागं असू द्या पोर्शन,” ते गुरुजींना म्हणाले. “या वर्गाला तो गाठायला वेळ लागायचा नाही.”

आणि झालंही तसंच. पाया पक्का झाल्यावर टक्केवारी, व्याज पोरांनी झपाट्यानं उरकलं. वार्षिकाचा निकाल लागला, सहावीत गणितात एकही नापास नाही. पोरांनी असा गलका केला की रस्त्यावरचे टेम्पोवाले वळून बघू लागले. कुसा यादवच्या बरोबरीला आली होती. गर्दीतून वाट काढत धोंडाबाई पुढं आली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली आणि विचारलं, “बाई, सातवीची पुस्तकं कुठं मिळतील?”

जूनमध्ये निकम गुरुजींनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि लताबाईंकडं खुर्ची सरकवली. “बसा बाई. आता आम्हाला शिकवा.”