मेणाच्या इस्त्रीचा चटका

दचकू नका, बोलतेय ती मी, इस्त्री. पण तुमच्या शर्टाच्या कॉलरवरून फिरणारी ती सोज्वळ बाई मी नव्हे. मी स्कीची इस्त्री. बर्फावरून घसरायला माणसं पायांना ज्या लांबलचक पट्ट्या बांधतात, त्यांच्या तळाला गरम मेण पाजणं हे माझं काम. देवानं माणसाला पाय दिले ते न घसरण्यासाठी, असं मला लहानपणी वाटायचं. नॉर्वेत राहिल्यावर असं काही वाटायचं थांबतं.

जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्याच बहिणी रांगेनं पडत होत्या, त्यामुळे कौतुक वगैरे कोणी केलं नाही. जाडजूड सपाट बूड, लाल मूठ आणि मुठीपाशी तापमानाची चकती, एवढाच माझा साज. मला विकत घेतलं हाल्वोर नावाच्या तरुणानं. तो स्कीच्या शर्यतीत धावायचा. धावायचा म्हणजे, वर्तमानपत्रात निकालाची यादी छापून यायची आणि त्याचं नाव यायच्या जरा आधी ती संपायची. पुढे त्यानं लग्न केलं, लाकडाच्या गिरणीत नोकरी धरली आणि मला गॅरेजमधल्या खुंटीला टांगलं. त्याला मुलगी झाली, तूरा. ती चालायला शिकली आणि पाठोपाठ घसरायलाही. मग बापाच्या डोळ्यांत परत ती चमक आली आणि मी खुंटीवरून खाली आले.

तूरा सोळा वर्षांची झाली तेव्हा तिला शेजारच्या खोऱ्यातल्या शाळेत प्रवेश मिळाला. स्की आणि शिक्षण दोन्ही एकाच छपराखाली, राहायला वसतिगृह. निघताना हाल्वोरनं मला तिच्या हातात ठेवलं, लेकीला दागिना द्यावा तसं.

"हिला नीट तापू दे," तो म्हणाला. "आणि एका जागी थांबवू नकोस. हात थांबला की स्की जळते."

"बाबा, मला माहीत आहे."

"माहीत असतं गं. लक्षात राहत नाही."

त्या शाळेचा दिनक्रम ऐकण्यासारखा आहे. पहाटे अंधारात बर्फावर धावायचं. मग वर्गात बसायचं, म्हणजे डोळे उघडे ठेवून झोपायचं. दुपारी पुन्हा बर्फावर. सूर्य तोवर घरी गेलेला असतो, त्याला कोणी सराव लावलेला नाही. संध्याकाळी स्वाध्याय. स्वाध्याय म्हणजे मुलांनी आपला विषय आपण निवडायचा, आपलं आपण शिकायचं आणि वर्षअखेर तोंडी परीक्षा द्यायची. शाळेला या गोष्टीचा फार अभिमान. हा स्वाध्याय प्रत्यक्षात होतो कुठे, तर आमच्या मेणखोलीत. एका हातात मी, दुसऱ्या हातात पुस्तक. फ्रान्समधल्या राज्यक्रांतीची इतकी पानं मेणाच्या किसात बुडालेली मी पाहिली आहेत की त्या क्रांतीला आता पाणी लागणार नाही. भूक लागली की मुलं मला पालथी करून माझ्या बुडावर ब्रेड आणि तपकिरी चीज शेकायची. हे सक्त मना होतं, म्हणून रोज व्हायचं.

विषय निवडण्याच्या बाबतीत मुलं फार मोकळ्या विचारांची. एकानं निवडलं 'माझ्या हृदयाचे ठोके'. दुसरीनं 'माझी झोप'. तिसऱ्यानं 'माझे स्नायू'. जग एवढं मोठं, आणि त्यातलं सर्वांत रंजक काय, तर आपण स्वतः. तूराची खोलीतली जोडीदारीण मारेन, वर्गातली सर्वांत वेगवान मुलगी, तिनं 'माझा डावा गुडघा' हा विषय घेऊन जानेवारीतच परीक्षा उरकून टाकली. उजव्या गुडघ्यावर अन्याय झाला असं मला वाटलं, पण मला कोण विचारतंय.

तूराचं बिनसलं ते डोमकावळ्यांमुळे.

सरावाच्या वाटेवर एक वळण होतं. तिथे पोरं आपल्या सॅक झाडाखाली ठेवून पुढे धावायला जायची. परत यावं तर सॅकची चेन उघडलेली, डबा बाहेर, ब्रेड गायब. सगळ्यांचा संशय खालच्या वर्गावर. तूरानं एकदा वळून पाहिलं तर एक डोमकावळा चोचीत चेनचं टोक धरून मागे मागे चालत होता, अगदी शिंप्यासारखा. ती थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. तिसऱ्या दिवसापासून तर ती त्या वळणापर्यंत जीव तोडून धावायची, तेवढ्याचसाठी.

हे लपलं असतं, पण मनगटावरचं घड्याळ चुगली करतं. प्रशिक्षक ओड्डवारनं तिच्या ठोक्यांचा आलेख पडद्यावर लावला. डोंगर, डोंगर, डोंगर आणि मध्येच सपाट मैदान.

"तूरा, इथे तू मेली होतीस का?" त्यानं विचारलं.

"नाही. कावळे बघत होते."

"कावळे."

"डोमकावळे. त्यांच्यातला एक लंगडा आहे. तो चेन उघडतो आणि बाकीचे झाडावर बसून बघतात."

"बघू देत की. ते माझ्या संघात नाहीत. तू आहेस."

इथे मास्तरांना सरळ अरे-तुरे करतात. त्यामुळे मास्तर मित्र होत नाही. फक्त बोलणी खाताना घरातलंच कोणी बोलल्यासारखं लागतं.

जीवशास्त्र शिकवणारी बेरित मात्र खूश झाली. तिच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच एका मुलीनं स्वतःच्या कातडीबाहेरचा विषय आणला होता. "घाई करू नकोस," ती म्हणाली. तूरानं ते फारच मनावर घेतलं. वेगवेगळ्या बांधणीच्या पिशव्या टांग, चेनवाली, बकलवाली, नाडीवाली. कोणता पक्षी कशाला चोच लावतो ते बघ. हिवाळा संपत आला तरी हिची परीक्षा बाकी.

मग एकदाची तारीख मिळाली. बाहेरचा परीक्षक फक्त त्याच शुक्रवारी दुपारी येणार होता. आणि शनिवारी लांबच्या एका गावी निवडीची शर्यत होती. तिथे चांगला क्रमांक आला तर पुढच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या संघात जागा. तूरा त्या जागेसाठी लहानपणापासून पळत होती. हाल्वोर तिच्याही आधीपासून.

"गाडी शुक्रवारी सकाळी सुटते," ओड्डवार म्हणाला. "यायचं की नाही, हा निर्णय अर्थातच तुझा."

"परीक्षा शुक्रवारी दुपारी," बेरित म्हणाली. "द्यायची की नाही, हा निर्णय अर्थातच तुझा."

या देशात मुलांवर कोणी सक्ती करत नाही. फक्त दोन मोठी माणसं दोन बाजूंना उभी राहतात आणि निर्णय तुझा म्हणतात.

तूरानं निर्णय घेतला. दोन्ही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे दुसरा कोणता निर्णय असतो? बेरितनं परीक्षकाला राजी केलं आणि परीक्षा फोनच्या पडद्यावरून घ्यायचं ठरलं. सगळे समाधानी झाले. माझं मत घेतलं असतं तर मी सांगितलं असतं की दोन्ही म्हणजे एका मुलीची दोन अर्धुकं. असो.

शुक्रवारी दुपारी आम्ही शर्यतीच्या मैदानाशेजारच्या तंबूत होतो. हवा एकाएकी उबदार झाली, बर्फ ओलसर झाला आणि ओड्डवारनं हुकूम सोडला, सकाळचं मेण खरवडा, नवीन लावा. परीक्षेला पाच मिनिटं होती.

"तुझी स्की मी करते," मारेन म्हणाली. "तू त्या कोपऱ्यात जाऊन कावळ्यांचं बोल."

"नको. माझ्या स्कीला दुसऱ्याचा हात नको."

"तूरा, शहाणी असशील तर ऐक."

"मला जमतं गं दोन्ही."

मेणाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर बेरित आणि तिच्या शेजारी एक वयस्कर परीक्षक, डोळे मिटून विचार करणारा. घोरल्याचा आवाज नव्हता, म्हणून विचार म्हणायचं. तूरा बोलायला लागली. मी तिच्या हाताखाली टोकापासून शेपटापर्यंत सरकत होते. पाठ केलेलं ती छान बोलली. लंगडा कावळा, चेन, झाडावरचे प्रेक्षक, दोन दिवसांनी त्यांच्यातल्याच एकानं उघडलेली दुसरी पिशवी. म्हणून, बघून शिकला. माझी चाल एकसारखी होती.

मग बेरितनं विचारलं, "बघून शिकला हे तुला कसं कळलं? त्याचं तो आधीच शिकलेला नसेल कशावरून?"

तूरा थांबली. तिचा हातही थांबला.

"थांब हं," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. पाठांतर संपलं होतं. "मला वाटलं होतं मला कळलंय. पण तो दुसरा कावळा आधीपासूनच पट्टे ओढायचा. मी पाहिलंय ते. म्हणजे तो कदाचित आपलं आपणच शिकला असेल. मग मला जे वाटतंय ते सिद्ध झालेलंच नाही."

परीक्षकानं डोळे उघडले.

"मग कसं सिद्ध करशील?" त्यानं विचारलं.

"टेकडीच्या दोन बाजूंना दोन टोळ्या आहेत. इकडच्यांसमोर एक नवीनच कडी टांगायची, जी त्यांनी कधी पाहिली नाही, आणि लंगड्याला ती त्यांच्यादेखत उघडू द्यायची. तिकडच्यांसमोरही तीच, पण तिकडे उघडून दाखवणारा कोणी नाही..."

मी एकाच जागी होते. पूर्ण तापलेली. गरम होणं हा माझा धर्म, मी तो सोडू शकत नाही. माझ्या बुडाखाली स्कीचा तळ आधी मऊ झाला, मग फुगला आणि मग त्यातून धूर निघाला.

"तूरा," बेरित म्हणाली, "तुझ्याकडे काही जळतंय का?"

तूरानं खाली पाहिलं. तिला दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं, मी तिच्या नजरेसमोर होते. मला उचलायला कितीसा वेळ लागतो? पण ती वर बघून म्हणाली, "हो, जळलं. जायचं ते गेलं. एवढं वाक्य पुरं करते. तर तिकडच्या टोळीला जास्त वेळ लागला, तरच मी म्हणू शकेन की इकडचे बघून शिकले."

आणि मग तिनं मला उचललं.

ओड्डवार आला. फोडावर अंगठा फिरवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"या स्कीवर आता चीज कापता येईल," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या मुलांकडे वळला.

"माझी दुसरी जोडी घे," मारेन म्हणाली.

"ती तुझ्या वजनाची आहे. मला जड जाईल."

"जाडी म्हणालीस तरी चालेल. घे."

वजनदार मुलीसाठी बनवलेली स्की हलक्या मुलीच्या पायाखाली दबत नाही आणि न दबलेली स्की चढावर मागे घसरते. शनिवारी तूरा प्रत्येक चढ दीडदा चढली. हाल्वोर गिरणीतून सुट्टी काढून आला होता. थर्मास खाली ठेवून तो मोठ्या चढाशी उभा राहिला आणि घसा बसेपर्यंत तिचं नाव घेत राहिला. शेवटच्या काही मुलींत ती आली. मारेन दुसरी आली आणि संघात गेली.

तंबूच्या मागे तूरा स्कीच्या पिशवीवर बसून हातमोज्यात तोंड खुपसून रडली. मारेन जिंकली की फार बोलते. त्या दिवशी ती शेजारी बसली, गरम वाफलचा अर्धा तुकडा हिच्या हातात दिला आणि उरलेला स्वतःच्या तोंडात कोंबला.

घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर मी आणि ती जळकी स्की. हाल्वोरनं पेट्रोलपंपावर गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि त्या फोडावर बराच वेळ हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता माझ्यावर येणार. सतरा वर्षांची लेक आणि जुनी इस्त्री यांच्यात दोषी कोण ठरतं, हे मला ठाऊक आहे.

पुन्हा गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "काय विचारलं होतं तिनं?"

"कोणी?"

"बेरितनं. तू स्कीसुद्धा विसरलीस, म्हणजे काहीतरी चांगलंच विचारलं असणार."

तूरानं नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. आधी तुटक तुटक, मग भरभरून. हाल्वोर मध्ये मध्ये विचारायचा, लंगडा नर की मादी, कडी लाकडाची चालेल का, गिरणीत तुकडे पडलेले असतात. घराचा फाटा मागे गेला तरी दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षेत तिला सहापैकी पाच मिळाले. एक गुण कमी, कारण निष्कर्ष तिनं स्वतःच मोडून काढला होता. ओड्डवारनं शाळेच्या संघातली तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. तूरा अजूनही स्कीवर जाते. तिच्या ठोक्यांचा आलेख आता कोणी पाहत नाही, हे बरंच आहे.

शाळेनं नंतर एक माहितीपत्रक काढलं. पहिल्याच पानावर तंबूतला फोटो. तूरा फोनकडे बघून बोलतेय, हातात मी. खाली ओळ: खेळ आणि अभ्यास यांचा सुंदर समतोल. फोटो धूर निघायच्या क्षणभर आधीचा आहे.

मी सध्या विद्यापीठाच्या गावी, तिच्या खोलीतल्या खिडकीत असते. माझी वायर चिकटपट्टीनं गुंडाळलेली आहे आणि चकती अंदाजे चालते. कापडी पिशव्यांना ती माझ्याकडून मेण पाजते, बर्फात भिजू नयेत म्हणून. मग सुट्टीत बापलेक टेकडीच्या दोन बाजूंना त्या टांगून येतात आणि डोमकावळे त्या फाडून आतला ब्रेड खातात. थोडक्यात, एके काळी मी खेळाडूंची चाकरी करायचे, आता कावळ्यांची करते. फरक फारसा नाही. कावळे निदान आपल्या गुडघ्यावर बोलत नाहीत.

तुमच्या घरात कोणी मूल असेल, ते एका हातात काहीतरी तापलेलं धरून दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असेल, तर त्याला रागावू नका. प्रश्न विचारा, त्यालाही बोलू द्या, हवं तेवढं. फक्त आधी मला उचलून बाजूला ठेवा.