उजव्या कुशीवरचे केस

बेज्जूरच्या रानाकडेला बाबाराव आणि त्यांची बायको चंपाबाई मेंढ्या राखायचे. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांच्या एका गाभण मेंढीवर बिबट्याने झडप घातली. कुत्र्यांनी तिला सोडवलं, पण तिची उजवी कूस फाटली. गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर पद्मिनीने टाके घातले. जखम भरली, लोकर मात्र तिथे परत आली नाही. त्याचं पद्मिनीला नवल वाटलं नाही. केसांची मुळं आईच्या पोटातच कातडीत रुजतात. गेली की गेली.

मेंढी व्यायली तेव्हा मात्र पद्मिनी बुचकळ्यात पडली. कोकराचीही उजवी कूस तळहाताएवढी उघडी होती. तिथल्या कातडीचा कण काढून तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. व्रण नव्हता आणि एकही मूळ नव्हतं. कातडी वाढताना तेवढी जागा कुणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी दिसत होती.

दोनेक महिन्यांनी चंपाबाई दवाखान्यात आली. आई आता त्या कोकराला पाजत नव्हती, बाकीच्या मेंढ्या त्याच्यापासून लांब बसत होत्या.

"ते कुत्र्याले भेत नाई," चंपाबाई हळूच म्हणाली. "कुत्रंच त्याले भेऊन राह्यलं. अन् आता त्या जागी केस येऊन राह्यले."

तसं होत नसतं, असं समजावत पद्मिनी तिच्यासोबत गेली. केस आले होते. आखूड, पिवळसर, अंगालगत चपट बसलेले, मधे एक काळा डाग. तिने पुन्हा कण काढला. मेंढीच्या कातडीत मोठी मुळं तीन-तीनच्या ओळीत असतात. इथे प्रत्येक जाड केसाभोवती बारीक केसांचा झुबका होता. ही मांडणी तिने शिकताना पाहिली होती, मांजराच्या कातडीत. दोनदा पाहून तिने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी ती हत्यारं घेऊन गेली. तेवढा तुकडाच कापून काढावा, असं तिच्या मनात होतं. बाबारावांनी कोकरू धरलं. पद्मिनीने तिथे हात ठेवला आणि हाताखालचे केस ताठ उभे राहिले. बाकीची लोकर हललीसुद्धा नाही. कोकरू रानाकडे पाहत होतं. तिनेही पाहिलं. भर दुपारी झाडांखाली काहीच नव्हतं.

"सोडा त्याले," ती म्हणाली.

बाबारावांनी हात काढले. कोकरू उठलं, अंग झटकलं आणि न धावता झाडांत शिरलं. कुत्री पोटावर सरकत मागे हटली. तेवढ्यात, इतके दिवस त्याला जवळ न करणारी ती मेंढी एकदाच ओरडली.

सकाळी बाबारावांनी माग काढला. खुरांच्या खुणा ओढ्यापर्यंत होत्या, पलीकडे नव्हत्या. रक्त नव्हतं, लोकरीचा धागाही नाही. चंपाबाईने त्याच दिवशी कळप ओढ्यापासून दूर हलवायला लावला.