टोचण्याचा क्रम

भिंगरी एका जागी पाच मिनिटं टिकत नसे, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनासाठी ती रोज परसातल्या खुराड्यासमोर वही घेऊन तासभर बसायला लागली, तेव्हा आजीने आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ताप नव्हता. काकाच्या पाच कोंबड्या होत्या आणि दाणे टाकले की कोण कोणाला टोचतं, याच्या ती रेघा मारत होती. आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. तांबडी सगळ्यांना टोचायची, तिच्या वाटेला कोणी जात नसे. तिच्याखाली काळी, मग दोघी ठिपकेवाल्या, आणि सगळ्यात शेवटी पांढरी. तिला चौघीही टोचत. ती बिचारी कोणालाच नाही.

विज्ञानाच्या बाईंनी वही पाहिली. "छान! पण प्रकल्पाचं नाव 'प्राणी आणि माणूस' आहे ना? मग माणूस कुठाय?"

माणसं घरात आयती होती. ती टोचत नाहीत, पण एकमेकांचं बोलणं तोडतात, हे भिंगरीला ठाऊक होतं. मग पंधरा दिवस जेवताना मांडीवर वही. आजीचं बोलणं तोडायची कोणाची टाप नव्हती. तिच्याखाली आई. मग बाबा, ज्यांना आपणच पहिले असं मनापासून वाटायचं. तळाला काका. काका शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि मोजकंच बोलायचा. अठ्ठावीस वेळा त्याने तोंड उघडलं, त्यातल्या सव्वीस वेळा कोणीतरी मध्येच घुसलं. उरलेल्या दोन वेळा तो फक्त "मीठ दे" म्हणाला होता.

तक्त्यावर कोंबड्यांच्या शेजारी तिने माणसांच्या नावांऐवजी अ, आ, इ, ई लिहिलं आणि खाली ठसठशीत निष्कर्ष: 'जो क्रमात शेवटचा, तो सगळ्यात दुबळा.'

प्रदर्शनाला अख्खं घर आलं. बाबा तक्त्यापुढे वाकले. "आता हा 'इ' म्हणजे नक्की को..."

"तुम्हीच," आई म्हणाली.

'ई' समोर हाताची घडी घालून काका निष्कर्ष वाचत उभा राहिला. पुन्हा वाचला. काका हे वाचेल, हे भिंगरीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शेवटची कोंबडी दुबळी कशावरून? वजन केलंस?"

भिंगरीने वहीची पानं उलटली. वजन कोणी केलं होतं?

"मी बोलू का?" काका म्हणाला.

घरातले चौघेही वळून बघायला लागले.

"पांढरीला दाणे मिळत नाहीत हे खरं. पण चौघी भांडत असतात तेव्हा ही लाकडांच्या ढिगामागे जाऊन किडे खाते. रोज संध्याकाळी मी एकेकीला उचलून खुराड्यात ठेवतो. हाताला कळतं, सगळ्यात जड हीच. तांबडी म्हणजे नुसता पिसांचा गोळा..."

"अरे पण..." बाबांनी सुरुवात केली.

"बोलू दे त्याला," आजी म्हणाली.

काका चांगली सात मिनिटं बोलला. परीक्षक बाई लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी पेन्सिलीने तळाच्या अक्षराकडे दाखवलं. "आणि हा 'ई'? हा तरी दुबळा असेल?"

"तो मी," काका म्हणाला. "माझं झकास चाललंय. हे सगळे बोलत असतात, तेवढ्यात मी जेवून घेतो."

शेजारच्या टेबलावरची मुलंसुद्धा हसली. भिंगरीचा जीव भांड्यात पडला.

"आणि या तक्त्यात तू कुठेस?" बाईंनी तिला विचारलं.

भिंगरी उत्तर द्यायच्या आत आजी, आई, बाबा आणि काका एका सुरात ओरडले, "सगळ्यात वर!"

तिने स्वतःच्या रेघा मारल्याच नव्हत्या. कान लाल झाले, पण तिने पेन्सिल उचलली, निष्कर्ष खोडला आणि लिहिलं: 'अजून माहीत नाही. वजन करायचं आहे. मलाही मोजायचं आहे.' परीक्षक बाईंनी तिथेच तिला तिसरा क्रमांक देऊन टाकला, तो म्हणे त्या खोडण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वाण्याच्या दुकानातून वजनकाटा घेऊन आला. दोघांनी एकेक कोंबडी टोपलीत बसवली. तांबडीने काकाच्या अंगठ्याला टोचलं. भरली सगळ्यात जड काळी. पांढरी दुसरी आणि तांबडी खरोखरच तळाला.

"म्हणजे माझंही अर्धं चुकलं," काका अंगठा चोखत खुशीत म्हणाला. "लिही, लिही."

भिंगरीने लिहिलं, मग काट्याकडे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "काका, आता माणसांचं वजन करायचं?"

दारात उभ्या असलेल्या आजीला एकाएकी शेजारच्या घरी फार महत्त्वाचं काम आठवलं.