नर्सबाईची नळी

येल्ह्याच्या दवाखान्यातली नर्सबाई छाती तपासायची नळी घेऊन परत आमच्या धन्यांच्या सायकलच्या दुकानात आली. रबर चिरलं हुतं. धन्यांनी लावलेली ट्यूब सायकल भंगारात जाईस्तवर टिकती, आन् हिचीच नळी दर म्हयन्याला कशी फुटती? ही मुद्दाम ब्लेड मारत आसंल, म्या मनात म्हनलं. तिचं ते पांढरंशिप्पट पातळ बघितलं की माझं पित्त खवळायचं.

बाई समोरच्या हाटेलात च्या प्यायला गेली. धनी जुनं, भेगाळलेलं रबर नळीला लावाय लागले. पेटीत नवंकोरं रबर पडलं हुतं.

"हे का न्हाई लावत?" म्या इचारलं.

"ऱ्हाऊ दे. हे चालतंय."

म्हंजे नळी फुटावी, बाई परत यावी, ही ह्यांचीच हौस! म्या नळी हिसकावली, नवं रबर घट्ट बसवलं, टोकं कानात घातली आन् चकती त्यांच्या छातीवर दाबली. काळीज सावकाश चाललं हुतं, रवंथ करनाऱ्या बैलावानी.

तेवढ्यात बाई दारात येऊन उभी ऱ्हायली.

माझ्या कानात बैल उधळला.

"घ्या बाई," म्या म्हनलं. "आता लई वर्सं टिकंल."