जिराफासाठी पुसलेले खडक

मित्रांनो, मी माऊस आहे. जुन्या पद्धतीचा, शेपटीवाला. हल्लीच्या माऊसना शेपूट नसते आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझे हजारो सारखेच भाऊ जन्मले, त्यामुळे घरात कौतुक असं झालं नाही. मला डोळा एकच आणि तोही पोटाखाली, म्हणून आयुष्यभर मी टेबलच पाहिलं. पण पडद्यावर जो छोटा बाण फिरतो ना, ती माझी खरी नजर.

मला नोकरी लागली एका फोटो स्टुडिओत. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, मध्ये उंच स्टूल, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर, प्रिंटर आणि मी. स्टुडिओ ताईचा. तिला सगळेच ताई म्हणत, फोटो काढायला आलेले आजोबासुद्धा. तिच्या हाताखाली मी मुरुमं पुसली, चामखिळी पुसल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली, आणि एका लग्नाच्या फोटोतून अख्खा मेहुणा पुसला. लोक म्हणत, ‘ताई, हातात जादू आहे तुमच्या.’ हातात मी असायचो. असो.

ताईला चेष्टेची भारी खोड. एकदा तिने बोटीच्या धक्क्याच्या फोटोत प्रवाशांच्या रांगेत एक हत्ती उभा केला. तो फोटो सगळीकडे फिरला. धक्क्यावरच्या तिकीटवाल्या काकांना लोक कितीतरी दिवस विचारत होते, हत्तीला अर्धं तिकीट की पूर्ण. काकांनी ते मनात ठेवलं.

मग एके दिवशी ताईचा भाऊ बारक्या एक फोटो घेऊन आला. बारक्या ताईपेक्षा हातभर उंच आहे, पण धाकटा, म्हणून बारक्या. रस्ता जात नाही अशा एका किनाऱ्यावर तो डोंगर ओलांडून पायी गेला होता. फोटोत पिवळी वाळू, निळं पाणी, आणि डावीकडे ओहोटीमुळे उघडे पडलेले काळे खडक. माणूस एकही नाही. फोटो सुंदर होता. सुंदर फोटो पाहिला की ताईच्या हाताला खाज सुटायची.

आधी आम्ही वाळूत एक फ्रिज ठेवला. त्याचं दार उघडं दिसत होतं. वीज वाया जाते म्हणून बारक्याने ते बंद करायला लावलं. मग डावीकडे एक जिराफ उभा केला.

“पाय कुठे आलेत बघ त्याचे,” बारक्या म्हणाला. “नेमके खडकावर. टोचत असेल गं.”

“मग चपला घालू का त्याला?”

“चार लागतील. खडकच काढ.”

म्हणून मी खडक पुसले. शेजारचं पाणी उचलायचं आणि खडकावर थापायचं. मुरुमापेक्षा सोपं काम. दोघं पोट धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. आत्या म्हणजे या दोघांच्या वडिलांची बहीण. तिची स्वतःची बोट आहे आणि ती स्वतःच चालवते. पडद्यावरचा जिराफ बघून ती खुर्चीतच बसली.

“अगं, हा तोच किनारा ना? उद्या सकाळी भरतीला मला तिथेच जायचंय. पक्षी बघणारी मंडळी आहेत, त्यांना उतरवायचंय. बारक्या येतोय वाट दाखवायला. फोटो ओहोटीचा आहे, म्हणजे तळ दिसतोय. डावीकडे मोकळं पाणी आहे, तिथूनच आत शिरेन. हा मला हवाच. तेवढा तुझा जिराफ आणि फ्रिज काढून दे.”

काउंटरवर गिऱ्हाईकं खोळंबली होती. ताईने घाईत जिराफ काढला, फ्रिज काढला, प्रिंट काढली आणि हातात दिली. जिराफ गेला म्हणजे फोटो पहिल्यासारखा झाला, असं तिला वाटलं. खडक पुसल्याची आठवण हसण्यात वाहून गेली होती. मला आठवत होतं. पण माऊसला बोलता येत नाही. फक्त टिकटिक करता येते, आणि तीही कुणी दाबलं तर.

सकाळ झाली. बोट निघाली असणार. स्टुडिओत एक गृहस्थ पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसले होते. ताईने त्यांना “हलू नका” असं सांगितलं आणि ती माझ्याकडे आली. त्या दिवसांत माझ्या डाव्या बटणाला म्हातारपणाचा आजार जडला होता. कुणी एकदा दाबलं की मी दोनदा दाबल्याचं सांगायचो. बारक्याचा मूळ फोटो पडद्यावर वाटेत पडला होता. तो बाजूला सारायला ताईने एकदाच दाबलं. मी दोनदा सांगितलं. फोटो पूर्ण पडदाभर उघडला. हे मी मुद्दाम केलं, असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

डावीकडे खडक होते. काळे, ओले, दात विचकल्यासारखे. भरतीत ते सगळे पाण्याखाली जाणार, आणि आत्या नेमकी त्यांच्यावरून बोट नेणार.

माझ्यावरचा हात उचलला गेला.

तिने आत्याला फोन लावला. रेंज नाही. बारक्याला लावला. रेंज नाही. मग धक्क्यावर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी टेबलावर ठेवला.

“काका, आत्या निघाली?”

“केव्हाच. पोचत आली असेल.”

“तिला वायरलेसवर सांगा, फोटोत डावीकडे आहे त्या बाजूला जाऊ नकोस. खडक आहेत.”

“अगं, मला फोटो दाखवून गेलीय ती. स्वच्छ आहे तिथे.”

“खडक मी पुसले, काका. फोटोतून.”

“कशाला?”

ताईने डोळे मिटले. “जिराफाच्या पायाला टोचत होते.”

मित्रांनो, खरं बोलायची वेळ यावी आणि तोंडात असं वाक्य असावं, अशी पाळी शत्रूवरही येऊ नये.

“मागे हत्ती,” काका शांतपणे म्हणाले. “आता जिराफ. पोरी, माझ्यापुढे खऱ्या माणसांची रांग आहे. वायरलेस खेळायला नसतो.”

“फोन ठेवू नका.”

काकांनी ठेवला नाही. ते वाट पाहत होते. एरवी इथवर आलं की ताईला हसू आवरायचं नाही, हे त्यांना माहीत होतं. हसू आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

“हसत का नाहीस?” काकांनी विचारलं.



पलीकडे खुर्ची सरकली. मग वायरलेसची खरखर. काका बोटीला हाक मारत होते. उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. स्टुलावरच्या गृहस्थांनी ओठ न हलवता विचारलं, “मी श्वास घेतला तर चालेल ना?” कुणी काही बोललं नाही, म्हणून त्यांनी तोही बेताने घेतला. तिसरी हाक. चौथी.

“बोला,” आत्याचा आवाज आला. मागे इंजिन धडधडत होतं.

“इंजिन बंद कर. पुढे खडक आहेत.”

“फोटोत नाहीत.”

“फोटो खोटा आहे.”

नुसती धडधड ऐकू येत राहिली. मग ती थांबली.

पुढचं मी नंतर ऐकलं: बोट जिथे थांबली तिथेच नांगर टाकून उभी राहिली. पाणी उतरू लागलं तशी समोर एक काळी पाठ वर आली, मग दुसरी, मग सगळीच. सगळ्यात जवळच्या खडकाला आत्याने उभ्या जागेवरून वल्ह्याने टोचून पाहिलं.

संध्याकाळी ती गुडघाभर ओली अशी बारक्याला घेऊन स्टुडिओत आली. ताई उभीच होती. आत्या तिला ओलांडून पुढे गेली. ती बारक्याकडे वळली.

“तू तर पायी जाऊन आलास तिथे. तुला दिसले नव्हते खडक?”

“दिसले होते. त्यांच्यावर बसून डबा खाल्ला मी.”

“मग बोटीत का नाही बोललास?”

बारक्याने मान खाली घातली. “फोटोत नव्हते ना. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

आत्या माझ्या टेबलापाशी आली. मग ताईला म्हणाली, “सरक.” आणि तिने मला हातात घेतलं. तो खरखरीत, मिठाने ओला हात मला अजून आठवतो. तिला मी चालवता येत नव्हतो. तरी तिने मूळ फोटोतल्या एकेका खडकाभोवती वाकडंतिकडं लाल कडं काढलं. तो फोटो आता धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीशेजारी लावलेला आहे. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात गचाळ काम, आणि तेच तेवढं अजून टिकून आहे.

पुढे माझं बटण पुरतं गेलं आणि बिनशेपटीचा एक नवा माऊस आला. मी खणात आहे, संपलेल्या पेनांच्या संगतीत. ताई अजूनही किनाऱ्यांवर नाही नाही ते उभं करते, फक्त कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘गंमत’ असं लिहिते. मित्रांनो, तुम्हीही खुशाल गंमत करा, पण तेवढा एक शब्द लिहायला विसरू नका. आणि ज्या दगडावर बसून तुम्ही स्वतः डबा खाल्लात, तो एखाद्या दिवशी फोटोत दिसला नाही, तर जरा मोठ्याने सांगा की तो तिथे आहे.