क्लचमागचा भंडारा

मी पिकअप बोलतेय, आटपाडीच्या कोंडीबांची. आले तेव्हा पांढरी होते, आता आतून-बाहेरून पिवळसर झालेय. पंधरा वर्षांत सांगलीला डाळिंबं नेली, जत्रेला मेंढरं नेली, दोन नवऱ्याही घरी आणल्या.

मला चालवायचा त्यांचा थोरला मुलगा अमृत. बसण्याआधी बिरोबाचं नाव घेऊन चिमूटभर भंडारा टाकायचा, तोही थेट पेडलांवर. "जितं पाय ठेवायचा, तितं देव आदी," म्हणायचा. मग क्लच पार खाली दाबायचा आणि मी एका सेल्फमध्ये जागी.

श्रावणात तो तापानं गेला. दिवस होईपर्यंत मी पावसाळी ओलीत उभीच होते. मग धाकट्या बिरदेवानं क्लच दाबून किल्ली फिरवली. दिवे लागले, हॉर्न वाजला, पण सेल्फ गप्प. त्यानं टायरला लाथ घातली आणि स्वतःच लंगडला. नवी बॅटरी आणली, सेल्फ खोलून परत बसवला. तरी मी गप्पच. ढकललं की मात्र लगेच सुरू व्हायचे. रोज सकाळी निम्मी गल्ली माझ्यामागे धापा टाकायची.

"अमृतामागं गेली ती. इकून टाकू," कोंडीबा म्हणाले.

बिरदेव त्या दिवशी जेवला नाही. दादाचा हात फिरलेली मीच तेवढी उरले होते.

मला घ्यायला साताऱ्याचे लालासाहेब आले. फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले.

"ढकलून चालू हुती म्हंजे इंजिन झकास हाय," ते म्हणाले. "ह्या गाडीला क्लच दाबल्याबिगर सेल्फ लागत न्हाई. दाबलाय हे कळवायला पेडलमागं बारका स्विच असतोय. न्यूट्रलला हाय न्हवं?"

"व्हय."

त्यांनी स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. बिरदेवानं किल्ली फिरवली आणि मी अशी गरजले की कोंडीबांचा चहा धोतरावर सांडला.

मग लालासाहेबांनी स्विच काढला. त्याची दांडी ओल धरून वाळलेल्या पिवळ्या गोळ्यात घट्ट रुतली होती.

"हळद कुणी भरली रं हितं? लोणचं घालायचं हुतं का?"

कोणी हसलं नाही. "आमचा अमृत टाकायचा," कोंडीबा म्हणाले.

लालासाहेबांनी तो गोळा हळूच सोडवून बिरदेवाच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो कपाळाला लावला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळा रडला. नंतर स्वतःच स्विच पुसून बसवला. क्लच दाबला, किल्ली फिरवली. एका सेल्फमध्ये सुरू.

"पाव्हणं, चहा आणिक घ्या," कोंडीबा म्हणाले. "गाडी न्हाई मिळायची."

"ठावं हाय," लालासाहेब हसले. "नीट करायच्या आदी घ्याय पायजे हुती."

आता बिरदेव मला चालवतो. भंडाऱ्याची चिमूट पेडलांकडे जाते, थांबते आणि बॉनेटवर पडते.

बिरदेवा, एक मागू? दसऱ्याला तेवढी एक चिमूट खाली टाक. स्विच पुसायला तुला येतंय की आता.